जुन्या कोचचा हिशेब कसा मांडावा: गोवा, मुंबई आणि सर्जिओ लोबेरा

एफसी गोवा या फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांत माजी स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेराचं नाव निघालं की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, त्याच्यासारखं आक्रमक फुटबॉल फातोर्ड्याला, म्हणजे गोव्याच्या मडगावातल्या घरच्या मैदानाला, कुणी दाखवलं नाही. दुसरी म्हणते, असेल, पण अर्धा संघ मुंबई सिटी क्लबला घेऊन गेला त्याचं काय? दोन्ही बाजू खरं बोलतात, फक्त दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा एकाच पानावर लिहून बेरीज मागतात. कुठल्याही यशस्वी माजी कोचचा हिशेब असाच बिघडतो. म्हणून तो मांडायची एक रीत खाली दिली आहे. उदाहरण लोबेराचं घेतलंय, कारण त्यात जवळजवळ सगळ्या प्रकारच्या चुका करायला वाव आहे.

साहित्य थोडंच लागतं: एक वही किंवा स्प्रेडशीट, लीगचे गुणतक्ते आणि सामन्यांचे निकाल. पाच पानं वेगळी काढा. आला तेव्हा काय होतं, साखळीतले आकडे, बाद फेरी आणि करंडक, निरोप, आणि गेल्यानंतर. या पाच पानांची एकत्र बेरीज कधीही करायची नाही, हा पहिलाच नियम.

आधी हद्द आखा

कोचची कारकीर्द कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ते तारखांनी बांधून घ्या. लोबेरा २०१७ मध्ये गोव्यात आला. त्याआधीच्या २०१६ च्या हंगामात ब्राझिलियन कोच झिकोच्या हाताखाली गोवा १४ सामन्यांत १४ गुण मिळवून आठांत आठवा, म्हणजे शेवटचा होता. पहिल्या पानावर हे जसंच्या तसं लिहा. पण शेजारी हेही लिहा की त्याच झिकोनं २०१५ मध्ये संघ अंतिम फेरीत नेला होता. नाहीतर लोबेरानं सगळं शून्यातून उभं केलं, असा सूर लागतो आणि हिशेब पहिल्याच पानावर तिरका होतो.

त्याची मुदत जानेवारी २०२० च्या अखेरीस संपली, हंगाम चालू असताना, साखळीचे तीन सामने बाकी असताना. ही तारीख ठळक करा. पुढचं बरंच भांडण हिच्यावरच येऊन थांबतं.

साखळीचे आकडे

एकूण गुण कधीच शेजारीशेजारी ठेवू नका. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम २०१६ पर्यंत १४ सामन्यांचा होता, २०१७–१८ पासून १८ चा झाला आणि २०२०–२१ मध्ये २० चा. त्यामुळे सामन्यामागे गुण काढा.

लोबेराच्या गोव्यानं २०१७–१८ मध्ये ३० गुण आणि ४२ गोल केले, २०१८–१९ मध्ये ३४ गुण आणि ३६ गोल. २०१९–२० मध्ये तो असेपर्यंतच्या १५ सामन्यांत ३० गुण आणि ३२ गोल. एकूण ५१ सामने, ९४ गुण, ११० गोल. सामन्यामागे १.८४ गुण आणि २.१६ गोल. त्याच्या आधीच्या हंगामात हाच आकडा १.०० गुण होता. नंतरच्या हंगामात, हुआन फेरांदोच्या हाताखाली, २० सामन्यांत ३१ गुण, म्हणजे १.५५.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे परदेशी खेळाडूंची मर्यादा. २०१६ पर्यंत मैदानावर एकावेळी सहा परदेशी चालत, २०१७–१८ पासून पाच, २०२१–२२ पासून चार. ज्या कोचचा खेळ परदेशी मधल्या फळीवर उभा असतो, त्याची तुलना करताना ही ओळ समासात हवीच. दुसरं म्हणजे खाल्लेले गोल. गोव्यानं २०१७–१८ मध्ये ४२ मारले तसे २८ खाल्लेही. आठवणींत मारलेलेच राहतात. लोबेराच्या काळातले सामने बघायला मजा यायची ती काही अंशी बचाव उघडा पडायचा म्हणूनच, आणि हे सांगितलं की त्याचे चाहते रागावतात. रागावू द्या.

बाद फेरीचं पान वेगळं का

कारण एक चुकीचा पास तिथे सबंध हंगाम खातो. २०१७–१८ च्या उपांत्य फेरीत चेन्नईयिनविरुद्ध मडगावात १–१, चेन्नईत ०–३. २०१८–१९ ला मुंबई सिटीला मुंबईत जाऊन ५–१ हरवलं, मग १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानात बेंगळुरूविरुद्ध अंतिम सामना जादा वेळेत ०–१ गमावला. गोव्याचा अहमद जाहू दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला होता आणि बेंगळुरूच्या राहुल भेकेचा गोल ११७ व्या मिनिटाला आला. त्यानंतर एप्रिलमध्ये भुवनेश्वरला चेन्नईयिनला २–१ हरवून सुपर कप. लोबेरा गोव्याच्या बाकावर बसलेला असताना हातात आलेला करंडक हा एवढाच.

अर्ध्यात सुटलेला हंगाम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

लोबेराला काढलं तेव्हा गोवा ३० गुणांवर होता. क्लिफर्ड मिरांडानं हंगामी सूत्रं घेतली आणि उरलेले तिन्ही सामने जिंकले: हैदराबादविरुद्ध ४–१, मुंबई सिटीविरुद्ध ५–२, आणि १९ फेब्रुवारी २०२० ला जमशेदपूरविरुद्ध ५–०. ३९ गुण, साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड गोव्याची, आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या अव्वल क्लब स्पर्धेच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब हा मानही गोव्याचा.

मग शील्ड कुणाची? हे ठरवताना दोन चुका होतात. लोबेराप्रेमी सगळी त्याच्या खात्यावर जमा करतात, आणि क्लबचं व्यवस्थापन बरोबर होतं असं मानणारे त्याचं नावच घेत नाहीत. सोपा उपाय असा: गुण वाटून लिहा, करंडक वाटू नका. ३९ पैकी ३० लोबेराचे, ९ मिरांडाचे. करंडक क्लबचा. मिरांडाचे नऊ गुण फुकटचे नव्हते. तीन सामन्यांत १४ गोल झाले, आणि ज्याचा कोच नुकताच गेलाय अशा ड्रेसिंग रूममधून ते काढले गेले. पण संघ, आखणी आणि सवयी आधीच्या होत्या, हेही तितकंच खरं.

याच पानावर उपांत्य फेरीचा निकालही लिहा. चेन्नईत १–४, मडगावात ४–२, मिळून ५–६ ने बाहेर. लोबेरा असता तर, अशा ओळीला वहीत जागा नाही. ‘असता तर’ची रक्कम कुणीच चुकती करत नाही.

निरोपाचं पान

इथे फक्त तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: काढलं की सोडलं, हंगामात की हंगामानंतर, आणि संघ तेव्हा कुठे होता. आतल्या कारणांच्या अफवा लिहायच्या नाहीत. त्या एकदा वहीत शिरल्या की बाकीचे सगळे आकडे त्यांच्या रंगाचे दिसायला लागतात.

काढलेला आणि सोडून गेलेला यांतला फरक समजायला फेरांदोचं उदाहरण शेजारी ठेवा. त्यानं ऑक्टोबर २०२१ मध्ये गोव्याला ड्युरंड कप जिंकून दिला आणि डिसेंबरमध्ये, हंगाम चालू असतानाच, करारातल्या कलमाचा वापर करून तो एटीके मोहन बागानला गेला. पुढे मार्च २०२३ मध्ये फातोर्ड्यावरच त्यानं मोहन बागानबरोबर आयएसएलचा चषक (तो अंतिम सामना जिंकणाऱ्याला मिळतो) उचलला. दोघांचे निरोप हंगामाच्या मध्यावरचे, दोघंही नंतर प्रतिस्पर्ध्याकडून जिंकले. पण लोबेराला क्लबनं घालवलं होतं, फेरांदोनं क्लबला सोडलं होतं. लोबेरावर गद्दारीचा शिक्का मारणाऱ्यानं आधी हे पान वाचावं. तुम्हीच दाराबाहेर काढलेल्या माणसानं शेजारच्या घरी काम धरलं, तर तक्रार कुणाकडे करायची?

गेल्यानंतर काय काय गेलं

राग खरा इथला आहे, आणि तो निराधार नाही. २०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीचा कोच झाला आणि त्याच्या पाठोपाठ जाहू, ह्युगो बूमूस, मूर्तादा फाल आणि मंदार राव देसाई तिकडे गेले. मंदार गोव्याचाच मुलगा, पहिल्या हंगामापासूनचा. बूमूस २०१९–२० चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: गोव्यात किती वर्षं होता, करार संपला होता की मोडला, जाऊन काय केलं, आणि त्याच्या जागी गोव्यानं कुणाला आणलं. तिसरा रकाना बोचतो. मार्च २०२१ च्या उपांत्य फेरीत गोवा–मुंबई पहिला सामना २–२ सुटला, आणि मुंबईचे दोन्ही गोल बूमूस आणि फालचे. दुसरा सामना ०–०. मग पेनल्टी, मुंबई ६–५, आणि शेवटची पेनल्टी मारणारा रॉलिन बोर्जिस, तोही गोंयकार. पाच दिवसांनी फातोर्ड्यावरच मुंबईनं मोहन बागानला २–१ हरवून चषक घेतला, त्याआधी शील्डही. त्या हंगामात लोबेराचे साखळीत २० सामन्यांत ४० गुण, म्हणजे सामन्यामागे बरोबर दोन.

चौथा रकाना मात्र कोचच्या खात्यावर टाकू नका. जाणारा खेळाडू थांबवणं किंवा त्याच्या जागी तोलामोलाचा आणणं हे क्लबचं काम. आणि मागे राहिलेल्यांची यादीही करा. ब्रँडन फर्नांडिस राहिला, एदू बेदिया राहिला. ड्युरंड कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल बेदियाचाच.

आणखी एक टीप समासात हवी: तो सबंध २०२०–२१ चा हंगाम महामारीमुळे गोव्यातल्या तीन मैदानांवर प्रेक्षकांविना झाला. म्हणजे लोबेरा परक्या रंगात फातोर्ड्यावर आला, जिंकला, चषक उचलला, आणि स्टँड रिकामा. टाळ्या नाहीत, हुर्यो नाही. मनातलं मनातच राहिलं ते अजून निघतंय, असं वाटतं.

मुंबईकरांची वही

मुंबईच्या पाठीराख्यांनी हसू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये, नवा हंगाम महिन्यावर आलेला असताना, लोबेरा तिथूनही गेला. डेस बकिंगहॅम आला आणि त्या हंगामात मुंबई पाचवी राहिली. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशाला आला तेव्हा जाहू आणि फाल पुन्हा त्याच्या संघात. त्यामुळे वर सांगितलेली पाच पानं मुंबईलाही जशीच्या तशी लागू पडतात. योगायोग बघा: गोव्याच्या संघानं चॅम्पियन्स लीगची जागा मिळवली ती मुख्यत्वे लोबेराच्या गुणांवर, खेळला फेरांदोबरोबर. मुंबईनं मिळवली लोबेराबरोबर, खेळली बकिंगहॅमबरोबर. उलट ओडिशाला २०२३ चा सुपर कप जिंकून दिला मिरांडानं, आणि त्यातून उघडलेल्या एएफसी कपात, म्हणजे आशियातल्या दुय्यम क्लब स्पर्धेत, संघ नेला लोबेरानं.

तो समोरच्या बाकावर आला की

स्वागताची वेळ आधी ठरवा. टाळ्या वाजवायच्या तर संघांची नावं पुकारली जातात तेव्हा, एकदाच. शिटी वाजली की तो विरुद्ध संघाचा कोच. आपला संघ पिछाडीवर असताना जुन्या कोचच्या नावाचा जयघोष सुरू झाला, तर तो त्याच्या कौतुकासाठी नसतो, सध्याच्या कोचला टोमणा असतो, आणि मैदानावरच्या अकरांना तो लगेच कळतो. तसं करायचंच असेल तर उघड करा, जुन्या माणसाच्या आडून नको. हुर्यो करणाऱ्यांना अडवू नका, पण ती कोचपुरती ठेवा. मंदारसारख्या घरच्या पोराचा हिशेब वेगळ्या दिवशी.

बॅनर करणार असाल तर मजकूर तीन शब्दांपुढे नेऊ नका. समोरच्या स्टँडमधून वाचता यायला अक्षर निदान ५०–६० सेंमी उंच हवं. देवनागरीत वेलांटी, रफार आणि उकारासाठी वर-खाली मिळून आणखी निम्मी जागा सोडावी लागते, नाहीतर शिरोरेषा कापडाच्या काठाला जाऊन बसते आणि उकार घडीत जातात. म्हणजे कापड मीटरभर रुंद. सुती मांजरपाट घ्या. चकचकीत कापडावर दिवे चमकतात आणि टीव्हीवर काहीच दिसत नाही. रंग आदल्या दिवशीच लावा. ओला गुंडाळला तर अक्षरं एकमेकांवर छापली जातात. मैदानात आणण्याची परवानगी क्लबकडून दोन-तीन दिवस आधी लेखी घ्या, काठ्या बहुतेक ठिकाणी गेटवरच काढून घेतात, म्हणून दोन्ही टोकांना दोरी ओवायला गाळे शिवून ठेवा. मजकूर सुचत नसेल तर कोकणीतलं ‘देव बरें करूं’ (देव भलं करो) पुरे. आभार म्हणून वाचणारा तसं वाचेल, टोमणा म्हणून वाचणारा तसं.