इंग्लंडच्या खेड्यातील मध्ययुगीन चर्च कसे पाहावे : ग्वाल्हेरकरांसाठी मार्गदर्शन

लेक-जावयाकडे किंवा मुलाकडे इंग्लंडला महिना-दीड महिना राहायला गेलेल्या ग्वाल्हेरकर आई-वडिलांना, लंडन एकदा पाहून झाले की, पुढच्या दिवसांचे काय करावे असा प्रश्न हमखास पडतो. त्यांनी जवळच्या एखाद्या खेड्यातील जुने पॅरिश चर्च, म्हणजे गावकऱ्यांचे नित्याचे चर्च, सवडीने पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. किल्ल्यावरचे सास-बहू मंदिर ज्यांनी लक्ष देऊन पाहिले आहे, त्यांची निम्मी तयारी झालेलीच असते. त्या मंदिराच्या शिलालेखात इ. स. १०९३ शी जुळणारे वर्ष आहे आणि त्याच १०९३ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये डरहॅमच्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला. आपल्या शिल्पींनी भार खांबांवर आणि आडव्या तुळयांवर तोलला, तर तिकडच्या गवंड्यांनी तो कमानींवर घेतला. मात्र खेड्यातील चर्चवर बांधकामाचे वर्ष सांगणारा लेख सहसा नसतो, आणि असे चर्च एकाच काळातले असणेही दुर्मीळच. म्हणून ‘हे केव्हा बांधले?’ असे न विचारता ‘यात आधीचे काय आणि नंतरचे काय?’ असे विचारत पाहणे उत्तम.

आत शिरण्याची घाई न करता प्रथम बाहेरून एक प्रदक्षिणा घालावी. वेदी पूर्वेला, घंटेचा मनोरा बहुधा पश्चिमेला आणि रोजच्या वापराचे दार बहुतेक ठिकाणी दक्षिणेला, एवढे ध्यानात ठेवले की दिशा चुकत नाही. मग खिडक्या पाहाव्यात, कारण काळ ओळखण्याची सर्वांत सोपी खूण त्यांच्यात आहे. अर्धगोल कमानीची लहानशी खिडकी, जाड भिंत आणि दाराभोवती नागमोडी नक्षी असेल, तर ते काम १०६६ नंतर फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन राजवटीतले, म्हणजे साधारण ११९० पर्यंतचे समजावे. हर्फर्डशरमधील किलपेकच्या चर्चचे ११४० च्या सुमाराचे दार या शैलीचा नामांकित नमुना आहे. पुढे कमान टोकदार होते आणि खिडकी उंच व अरुंद. सुमारे १२५० पासून शंभर वर्षे खिडकीच्या माथ्यावर दगडाची वळणावळणांची जाळी दिसते. १३५० नंतर ती वळणे जाऊन सरळ उभे दगडी दांडे थेट वरपर्यंत चढतात आणि खिडक्या इतक्या रुंद होतात की भिंत नावापुरतीच उरते. सफकमधील लॅव्हनम आणि लाँग मेलफर्ड येथील भव्य चर्चे याच शेवटच्या टप्प्यातली असून त्यांचा पैसा लोकर आणि कापडाच्या व्यापारातून आला. या शैलींना आज रूढ असलेली नावे वास्तुविशारद टॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये दिली. येथे एक सावधगिरी हवी. खिडकीचे वय म्हणजे भिंतीचे वय नव्हे. जुन्या भिंतीला भोक पाडून नवी खिडकी बसवणे ही त्या काळी अगदी नेहमीची गोष्ट होती.

यानंतर मनोऱ्याच्या पूर्वेकडील अंगावर, मुख्य दालनाच्या छपराच्या वर, नजर टाकावी. अनेक ठिकाणी तेथे वर एका टोकाला मिळणाऱ्या दोन तिरप्या रेषा दगडात उमटलेल्या दिसतात. तेथे पूर्वी अधिक उताराचे छप्पर टेकलेले होते; पुढे भिंती उंचावून वरच्या बाजूस खिडक्यांची रांग काढली, शिसाच्या पत्र्याचे सपाटसर छप्पर घातले आणि जुन्या छपराची खूण तेवढी मनोऱ्यावर राहिली. अशी एक रेघ ओळखता आली की पुस्तकातील दहा पाने वाचल्याचे समाधान मिळते.

दक्षिणेच्या दाराजवळच्या दगडावर हात फिरवून पाहावा. मध्यभागी बोटाच्या टोकाएवढे छिद्र आणि त्यापासून खाली पसरलेल्या कोरीव रेषा आढळल्या, तर ते प्रार्थनेची वेळ पाहण्याचे सूर्यघड्याळ आहे. छिद्रात काडी खोचायची आणि तिची सावली कोणत्या रेषेवर येते ते पाहायचे, एवढीच त्याची रीत. हे घड्याळ जर छप्पर असलेल्या देवडीच्या आत, कायमच्या सावलीत सापडले, तर देवडी घड्याळानंतर बांधली गेली हे कोणालाही न विचारता सिद्ध होते.

आत गेल्यावर मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंच्या खांबांची तुलना करावी. उत्तरेकडच्या कमानी अर्धगोल आणि दक्षिणेकडच्या टोकदार असतील, तर बाजूची दालने वेगवेगळ्या पिढ्यांत जोडली गेली, असे समजण्यास जागा आहे. वेदीकडचा भाग आणि मुख्य दालन यांच्या कामात फरक दिसला तर त्याचे कारण बहुधा पैशात सापडते. वेदीकडील भागाची जबाबदारी रेक्टरची, म्हणजे चर्चचे उत्पन्न घेणाऱ्या धर्मगुरूची, असे आणि मुख्य दालनाची गावकऱ्यांची. ज्याच्या हाती जेव्हा पैसा आला, तेव्हा त्याने आपला भाग वाढवला. वेदीजवळ दक्षिण भिंतीत पाण्याचा निचरा असलेला छोटा कोनाडा असतो, त्यात पवित्र पात्रे धुतली जात. तसाच कोनाडा बाजूच्या दालनात दिसला, तर तेथेही एके काळी वेदी होती.

मुख्य दालन जेथे संपते तेथील भिंतीत कधी कधी एक चिंचोळा जिना दिसतो, जो वर जाऊन कोठेच पोहोचत नाही. वेदीपुढील लाकडी पडद्याच्या माथ्यावरील सज्जाकडे तो जात असे आणि त्या सज्जावर क्रुसावरील येशूची मूर्ती उभी असे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड प्रॉटेस्टंट पंथाकडे वळले तेव्हा, विशेषतः १५४७ नंतर सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, त्या मूर्ती आणि बरेचसे सज्जे उतरवले गेले आणि भिंतींवरील चित्रांवर चुना फासला गेला. पुढे १६४३-४४ मध्ये मूर्तिपूजेचा कट्टर विरोधक विल्यम डाउझिंग याने सफक आणि केंब्रिजशरमध्ये गावोगाव फिरून उरलेल्या प्रतिमा आणि रंगीत काचा फोडवल्या. ग्वाल्हेर किल्ल्याच्या उरवाई घाटीतील जैन मूर्तींचे तोडलेले चेहरे पाहत वाढलेल्या आपल्या माणसाला तेथील मस्तकहीन संतमूर्तींपुढे थांबल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भिंतींवरची जुनी अक्षरेही तपासावीत, त्यासाठी टॉर्च भिंतीला समांतर धरावा. हर्टफर्डशरमधील अ‍ॅशवेलच्या चर्चच्या मनोऱ्यात १३५० ची महामारी आणि १३६१ चे वादळ यांची नोंद कोणी तरी लॅटिनमध्ये दगडावर ओरखडून ठेवली आहे. इतिहासाचे असे साधन राजदरबारात मिळत नाही.

फार गुळगुळीत दगड, अगदी नवी फरशी आणि खरवडलेला गिलावा दिसला तर तो एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धार समजावा. अशा दुरुस्त्यांना विरोध करण्यासाठी कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये संस्था स्थापन केली होती. दाराजवळ ठेवलेले माहितीपत्रक मात्र शेवटी वाचावे, म्हणजे आपले अंदाज ताडून पाहता येतात. रविवारी सकाळची प्रार्थनेची वेळ टाळावी, पुरुषांनी टोपी काढावी, दानपेटीत यथाशक्ती काही टाकावे. गावातील माणसांविषयी कुतूहल वाटल्यास जन्मसंस्कार, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांची चौकशी करावी. त्या ठेवण्याचा आदेश १५३८ मध्ये निघाला आणि जुन्या वह्या आता बहुधा त्या त्या परगण्याच्या अभिलेखागारात पाहायला मिळतात.