जेलब्रेक केलेला पीएस फोर मुलंही वापरतात? आपली ऑनलाइन खाती अशी सुरक्षित ठेवा

हॉलमध्ये एकच पीएस फोर (सोनीचं प्लेस्टेशन ४ हे गेमचं मशीन), तोही जेलब्रेक केलेला, म्हणजे सोनीने घातलेली बंधनं काढून टाकलेला, आणि घरातल्या सगळ्यांचा त्यावर हक्क. अशा मशीनवर पासकोड लावायलाच हवा. पण त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की करा: ज्या खात्यात पैसे आहेत, विकत घेतलेले गेम आहेत किंवा रोजचा ईमेल आहे, ते खातं या मशीनवर ठेवायचंच नाही.

याला कारण आहे. जेलब्रेकसाठी वापरल्या जाणाऱ्या गोल्डहेन या प्रोग्रॅममध्ये एफटीपी सर्व्हरची, म्हणजे नेटवर्कवरून फायलींची ने-आण करण्याची, सोय असते. तो चालू राहिला, तर घरच्या वायफायवरचा कुठलाही लॅपटॉप २१२१ या पोर्टवरून, पासवर्ड न देता, मशीनमधल्या फायली उघडू शकतो. तुम्ही लावलेला चार आकडी पासकोड तिथे विचारलाच जात नाही. शिवाय असं मशीन प्लेस्टेशन नेटवर्कला, म्हणजे सोनीच्या ऑनलाइन सेवेला, जोडलं तर सोनी खात्यावर बंदी घालू शकते, आणि मग त्यावर घेतलेले गेमही हातचे जातात.

पायरी १. सुरुवात फोनवरून करा. याआधी या मशीनवर, किंवा जेलब्रेक करून देणाऱ्या दुकानात, प्लेस्टेशन खात्याचा पासवर्ड टाकला गेला असेल तर तो लगेच बदला. खात्याच्या सुरक्षा विभागात सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करण्याचा पर्याय आहे, तोही वापरा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय, सुरू करा. कोड एसएमएसवर घेण्यापेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर (फोनवरच असे कोड तयार करणारं अ‍ॅप) घेतलेला बरा. बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

पायरी २. खात्यावरचं कार्ड काढून टाका. भारतात कार्डाने पैसे भरताना सहसा ओटीपी येतो खरा, पण प्लेस्टेशन खात्याच्या वॉलेटमध्ये आधीच भरलेली रक्कम खर्च होताना बँकेचा ओटीपी येत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारण्याची सेटिंग चालू ठेवा. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार लागत नसतील तर बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा.

पायरी ३. आता मशीनकडे वळा. पीएस फोरवर १६ यूजर करता येतात, तेव्हा प्रत्येक मुलासाठी वेगळा यूजर बनवा. त्याला कुठलंही ऑनलाइन खातं जोडू नका. सेव्ह केलेले गेम तसेही त्याच्याच नावावर राहतात. ताईने दोन महिने खेळून पुढे नेलेला गेम धाकट्याने पुसून टाकला, ही रडारडही त्यामुळे टळते.

पायरी ४. स्वतःच्या यूजरमध्ये जाऊन सेटिंग्ज, मग लॉगिन सेटिंग्ज, मग पासकोड मॅनेजमेंट उघडा आणि चार आकडे ठरवा. जन्मसाल आणि गाडीचा नंबर नको, ते मुलांना पाठ असतात. आपोआप लॉगिन होण्याचा पर्यायही इथेच बंद करा. पासकोड भरताना पडद्यावर आकडे दिसत नसले तरी शेजारी बसलेल्या मुलाचं लक्ष तुमच्या अंगठ्यावर असतं. कंट्रोलर मांडीवर जरा आडोशाला धरा.

पायरी ५. ही पायरी बरेच जण विसरतात. पॅरेंटल कंट्रोल्समध्ये सिस्टीम रिस्ट्रिक्शन्सचा पासकोड सुरुवातीला ०००० असतो. तो बदलला नाही, तर तुम्ही घातलेलं प्रत्येक बंधन मूल मिनिटभरात काढू शकतं. तिथेच नवा यूजर बनवणं आणि गेस्ट लॉगिन दोन्ही बंद करा. हा कोडही लिहून ठेवा; विसरलात तर मशीन पूर्ण पुसून नव्याने सुरू करण्याची वेळ येते.

पायरी ६. फायली टाकून झाल्या की एफटीपी लगेच बंद करा. यूट्यूबसाठी लॉगिन लागलंच तर वेगळं जीमेल खातं काढा, ज्यात ना फोटो आहेत ना बँकेचे मेल. ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह करू नका.

थोड्या मोठ्या मुलांना हे सगळं कशासाठी, ते समोर बसवून सांगा. लपवाछपवी केली की कोड शोधणं हाच त्यांचा खेळ होतो.

आणि एखाद्या दिवशी अनोळखी लॉगिनचा मेल आलाच, तर त्यातल्या लिंकवर क्लिक न करता अधिकृत साइट स्वतः उघडा. आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग गेमच्या खात्याचा, मग सगळीकडून साइन आउट करा आणि शेवटी व्यवहारांची यादी तपासा.