पुस्तक सुचवायचं तर असं सुचवा : गावाकडच्या वाचन ग्रुपसाठी

कोणीतरी ग्रुपवर मुखपृष्ठाचा फोटो टाकतं, खाली लिहितं, ‘अप्रतिम! प्रत्येकाने वाचावेच असे.’ दहा अंगठे येतात, दोन फुलं येतात आणि ते पुस्तक कोणीच वाचत नाही. यात लोकांचा आळस नसतो. पुस्तक कशावर आहे, केवढं आहे, आपल्याला झेपेल का आणि मुख्य म्हणजे मिळेल कुठं, यातलं काहीच त्या मेसेजमध्ये नसतं. नागपूर-अमरावतीचा माणूस दुकानात जाऊन चाळून तरी येईल. घाटंजी, धारणी नाहीतर सिरोंचा तालुक्यातल्या खेड्याला जवळचं पुस्तकाचं दुकान म्हणजे गाइड, वह्या आणि पंचांग. तिथं पुस्तक सुचवायचं म्हणजे ते वाचणाऱ्याच्या हाती कसं पोचेल हेही सांगायचं. तेवढं राहिलं तर शिफारस अर्धीच झाली.

मेसेज कसा लिहावा

पहिल्या ओळीत ‘पुस्तक’ हा शब्द, मग पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक आणि प्रकाशन. फोटो टाकला तरी ही ओळ देवनागरीत टाइप कराच. व्हॉट्सॲपच्या शोधात फोटोवरची अक्षरं सापडत नाहीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव देवनागरीत शोधलं तर तेही येत नाही. सहा महिन्यांनी ‘ते विहिरीवरचं पुस्तक कोणतं होतं रे?’ असं विचारायची पाळी यामुळेच येते. प्रत्येक शिफारशीची सुरुवात ‘पुस्तक’ या एकाच शब्दाने केली, तर तो शब्द शोधताच जुन्या शिफारशी ओळीने समोर येतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी शोध हुकतो, म्हणून नाव मुखपृष्ठावर पाहून लिहायचं, आठवणीने नाही.

त्याखाली पाच-सहा ओळी पुरतात. असा एक मेसेज पाहा, पहिली नावाची ओळ सोडून:

‘१८४ पानं, अक्षर मोठं हाय. कोरडवाहू गावातल्या एका घरची कादंबरी. पयली तीस पानं हळू चालते, नावं लय हायेत, गोंधळ होते. विहीर खंदाले लागले तिथून पुढं मात्र पुस्तक हातचं सुटत नाही. मधात एक आत्महत्या हाय. ज्याच्या घरी असं घडलं असन त्यानं इचार करून घ्यावं. माह्याजवळची प्रत मंगळवारच्या बाजारात देतो, पंधरा दिवसांसाठी.’

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. पानं आणि अक्षराचा आकार आधी, कारण रात्री एका बल्बखाली वाचणाऱ्या साठीच्या माणसाला तेच आधी कळायला हवं. पुस्तक कुठं रेंगाळतं ते सांगितलं की वाचणारा विसाव्या पानावर टेकून बसत नाही, त्याला पुढची आशा असते. जड प्रसंगाची सूचना तर आपल्या भागात सोडूच नये. कर्जापायी गेलेला माणूस ज्या घरात आहे, तिथं असं पान अचानक समोर येणं ही लहान गोष्ट नाही. शेवटी प्रत कोणाकडे आहे, कुठं मिळेल, किती दिवसांसाठी.

तारे, गुण, ‘दहापैकी नऊ’ हे टाळा. कोणाचे नऊ ते कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा ‘ज्यांना लांब वर्णनं आवडत नाहीत त्यांना हे जमणार नाही’ असं एक वाक्य लिहा. एखादं पुस्तक कोणासाठी नाही हे स्पष्ट सांगणाऱ्याच्या पुढच्या शिफारशीवर लोक विश्वास ठेवतात. आणि एका वेळी एकच पुस्तक. पंधरा नावांची यादी आली की लोक ती जपून ठेवतात आणि तिथंच विसरतात.

टाइप करायचा कंटाळा येत असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, बरंचसं बरोबर उमटतं. विरामचिन्हं आणि नावं तेवढी हाताने दुरुस्त करायची. व्हॉइस मेसेजही चालेल, पण दीड मिनिटाच्या आत, आणि पुस्तकाचं नाव सोबत लिहूनच. मेळघाटात नाहीतर गडचिरोलीच्या आतल्या गावात रेंज येते-जाते. तिथं लिहिलेल्या चार ओळी पोचतात, आवाज मात्र गोल फिरत राहतो.

मागणाऱ्यानेही नीट मागावं. ‘कोणी चांगलं पुस्तक सांगा’ याला उत्तर देणं अवघड आहे. त्याऐवजी असं लिहा: कोणासाठी हवं, आधीचं कोणतं आवडलं, किती वेळ आहे. ‘आठवीतल्या पोरीसाठी, भुताच्या गोष्टी आवडतात, शंभर पानांच्या आत’ असं म्हटलं की दोन तासांत तीन नावं येतात. उत्तर देणाऱ्याने जास्तीत जास्त दोन पुस्तकं सांगावी.

गप्पा चालू कशा ठेवाव्या

सगळ्यात जास्त काळजी इथं घ्यावी लागते, कारण ग्रुप मरतो तो भांडणाने कमी आणि गप्प राहण्याने जास्त. एखाद्या बाईने पहिल्यांदाच धीर करून चार ओळी लिहिल्या आणि दिवसभर कोणी काही बोललं नाही, तर ती पुन्हा लिहीत नाही. म्हणून नियम करा: पुस्तकावर आलेल्या प्रत्येक मेसेजला त्याच दिवशी शब्दांत लिहिलेलं निदान एक उत्तर गेलं पाहिजे. अंगठा म्हणजे उत्तर नाही. दोघांनी आठवड्याची पाळी वाटून घेतली की हे सहज होतं. उत्तर देताना तो मेसेज उजवीकडे सरकवायचा, म्हणजे मूळ ओळ वर दिसते आणि चाळीस मेसेज मध्ये येऊन गेले तरी कोण कोणाला बोलतंय ते समजतं.

‘कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’ एवढंच येतं. नाव घेऊन, जागा दाखवून विचारा: ‘ताई, तिसऱ्या प्रकरणात ती माहेरी जायला नाही म्हणते, ते तुम्हाला पटलं का?’ अशा प्रश्नावर माणूस लिहायला लागतो. पान क्रमांकाऐवजी प्रकरण सांगायचं, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात. पुढचं उघड होईल असं लिहायचं असेल तर पहिली ओळ ‘पाचवं प्रकरण झालेल्यांसाठीच’ अशी टाका आणि खाली सात-आठ ओळी रिकाम्या सोडून मग लिहा.

मतभेद झाला तर पुस्तकाकडे परत या. एखाद्या तरुण मुलाला वडीलधाऱ्याचं म्हणणं पटलं नाही, तर असं लिहिता येतं: ‘काकाजी, मले तं तो सासरा इतका वाईट नाही वाटला. रातीच बंडी जुपून सुनेले दवाखान्यात तोच नेते ना?’ मान राहिला, मत राहिलं आणि काकाजींना ते प्रकरण पुन्हा उघडावं लागलं. बोलणं जाती-धर्माकडे किंवा पक्षाकडे वळलं की अॅडमिनने एकच विचारावं: ‘हे पुस्तकात कुठं आहे?’ जागा दाखवता आली तर चर्चा चालू द्या. नाही आली तर तो विषय त्या दिवसापुरता बंद, आणि ज्याने काढला त्याला समजावायचं ते खासगीत, सगळ्यांसमोर नाही.

भाषेबद्दल आम्ही ठाम आहोत. वऱ्हाडीत लिहिलेलं, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत लिहिलेलं कोणीही दुरुस्त करायचं नाही. ‘हाय नाही, आहे’ असं एखाद्या गुरुजींनी प्रेमाने जरी लिहिलं, तरी त्या दिवसापासून पाच माणसं गप्प होतात. शाळेत लाल शाईची भीती घेतलेली माणसं आहेत ही. पुस्तकाबद्दल त्यांना जे सांगायचं असतं ते त्यांच्या बोलीतच नेमकं येतं. फक्त पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव जसं छापलंय तसं लिहा, एवढीच अट ठेवा.

फोनमधली व्यवस्था

ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बायका आणि मुली ग्रुप सोडून जातात त्याचं हे मोठं कारण आहे. म्हणून नियमांत पहिलाच नियम असा लिहा: ग्रुपवरून नंबर घेऊन कोणालाही परस्पर मेसेज किंवा फोन करायचा नाही, काम असेल तर ग्रुपवर विचारायचं. दोन अॅडमिनपैकी एक बाई असलीच पाहिजे, म्हणजे तक्रार सांगायला जागा राहते. नवीन माणूस घेताना अॅडमिनची मंजुरी लागेल, ही सेटिंग चालू ठेवा. नंबरचा नियम कोणी एकदा मोडला तर सांगा, दुसऱ्यांदा मोडला तर ग्रुपमधून काढा.

नियम आणि चालू महिन्याचं पुस्तक पिन करून वर ठेवता येतं. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांची असते, तुम्ही ३० निवडा. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद कसं करायचं ते प्रत्येक नव्या सभासदाला दाखवून द्या, नाहीतर डेटा संपला म्हणून तो ग्रुपच सोडतो. शुभ सकाळ, फॉरवर्ड, जाहिराती अॅडमिनने सगळ्यांसाठी डिलीट कराव्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र चालू द्या, माणसं त्यानेही जोडलेली राहतात.

पीडीएफचं काय

हा प्रश्न प्रत्येक ग्रुपवर येतो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं मूळ लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं झालं. ते पाठवायला हरकत नाही. पण नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा किंवा अनुवाद यांचा हक्क वेगळा असतो. हयात लेखकाचं स्कॅन केलेलं पुस्तक ग्रुपवर टाकू नये. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते, तिथं प्रत्येक प्रतीला मोल आहे. पाच-सात ओळी लेखकाच्या नावासह टाकल्या तर बिघडत नाही, अख्ख्या प्रकरणाचे फोटो नकोत. मोफत आणि रीतसर हवं असेल तर मराठी विश्वकोश, मराठी विकिस्रोत आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची पुस्तकं आहेत. त्यांची लिंक पाठवा, फाइल नको, म्हणजे ज्याला हवी तोच उतरवून घेईल.

प्रत फिरवायची कशी

गावात किंवा जवळच्या मोठ्या गावात सार्वजनिक ग्रंथालय आहे का ते आधी पाहा. राज्यात ग्रंथालय कायदा १९६७ पासून आहे आणि अनुदानित ग्रंथालयं अ, ब, क, ड वर्गांत असतात. ड वर्गाचं छोटं ग्रंथालयही कामाचं ठरतं. थोडी अनामत आणि वर्गणी भरून एकाने सभासद व्हावं आणि तिथं काय काय आहे त्याचे कपाटागणिक फोटो ग्रुपवर टाकावे. मग शिफारस करताना ‘आपल्या ग्रंथालयात आहे’ असं लिहिता येतं.

आपसातली पुस्तकं फिरवायला रोज अपडाउन करणारे शिक्षक किंवा आठवडी बाजार यांच्यासारखी सोय नाही. बाजारात एक ठरलेलं दुकान धरा, ओळखीचं किराण्याचं चालेल, तिथं पिशवी ठेवायची. एक दोनशे पानी वही करा: पुस्तक, मालक, कोणी नेलं, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. दर रविवारी त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला की मागायला जावं लागत नाही, ज्याच्याकडे आहे तो स्वतःच आणून देतो. लांबच्या सभासदाला पोस्टाने पाठवायचं तर १ मे २०२५ पासून डाक खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे. सुरू झाली तेव्हाचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पावसाळ्यात मात्र पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग पाकिटात. भिजून आलंच तर उन्हात ठेवू नका, पानं आकसतात. दर दहा-बारा पानांमध्ये कोरा कागद घालून पंख्याखाली उभं ठेवा आणि कागद बदलत राहा.

महिन्याचं पुस्तक ठरवताना शेतीचं कॅलेंडर समोर ठेवा. मतदानात व्हॉट्सॲप बारा पर्याय देतं, तुम्ही तीनच द्या आणि तीनही पुस्तकांची प्रत गावात आहे याची खात्री करून द्या. जूनच्या पेरणीत आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत कथा-कविता, दोन पानांत संपणारं काही. भंडारा-गोंदियाकडे भाताच्या रोवणीचे दिवसही त्यातच धरा. कापूस वेचणीत बायांना अजिबात सवड नसते, तेव्हा मोठी कादंबरी ठेवली तर ग्रुपवर फक्त पुरुष बोलतात. जाड पुस्तक मार्च ते मे या काळात घ्या. गडचिरोलीकडे मात्र तेव्हाच मोहफूल वेचणं आणि मग तेंदूपत्ता चालू असतो. तिथल्या सभासदांना आधी विचारून घ्या आणि त्यांचं मत आल्याशिवाय मतदान बंद करू नका.