बाळ लाइटखाली आहे? मग या चुका टाळा

"बाळाला काविळीसाठी लाइटच्या पेटीत ठेवलंय" एवढं ऐकूनच घरातले अर्धे घाबरतात. पूर्ण दिवसांच्या 10 पैकी साधारण 6 बाळांना पहिल्या आठवड्यात कमीजास्त कावीळ दिसते, लाइट लागतो तो त्यांतल्या थोड्यांनाच. त्या निळ्या प्रकाशाने कातडीतल्या बिलिरुबिनचं, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याचं, रूप बदलतं आणि ते शी-शूवाटे बाहेर पडतं. म्हणून उघड्या अंगावर प्रकाश पडला पाहिजे आणि पोटात दूध गेलं पाहिजे. नातेवाइकांची माया नेमकी यांच्याच आड येते.

आजीला वाटतं बाळ गारठलं, म्हणून दुपटं. मग टोपी, मोजे. जेवढं अंग झाकलं तेवढा उपचार कमी. लंगोट आणि डोळ्यांवरची पट्टी, बस. हातपाय गार लागले तर सिस्टरना सांगा, त्या तापमान बघतील. शेजारच्या खाटेला उजेडाचा त्रास होतो म्हणून पेटीवर चादर टाकू नका, आत उष्मा वाढतो. लाइटची उंचीही आपण बदलायची नाही. पट्टी मात्र बघत राहा. ती घसरून नाकावर येते. तेल लावणं तेवढे दिवस बंद.

दुधात जास्त घोळ होतो. काविळीचं बाळ सुस्त असतं, आणि "शांत झोपलंय, कशाला उठवायचं" म्हणत चार-चार तास जातात. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून 8 ते 12 वेळा पाजायचं. तळपाय चोळा, लंगोट बदला, पण उठवा. पाजताना पट्टी काढा, बाळाला आईचा चेहरा दिसू दे. पाजून झालं की परत लाइटखाली; कौतुक करत तासभर मांडीवर नको. रक्तातल्या बिलिरुबिनचा आकडा फार चढला असेल तर डॉक्टर बाहेर काढू देत नाहीत, तेव्हा काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं, तेही त्यांना विचारून. ग्लुकोजचं पाणी, मध, घुटी यांतलं काही नको. पाण्याने कावीळ धुतली जात नाही, पोट भरतं आणि दूध कमी जातं. बाळंतिणीच्या ताटातली हळद बंद करणारेही भेटतात. तिला पोटभर जेवू द्या, आणि टाके दुखत असताना रात्रीची पाळी तिच्या एकटीवर टाकू नका.

"आता गोरं दिसतंय, सोडा ना घरी!" लाइटखाली कातडीचा पिवळेपणा आधी उतरतो, रक्तातला तितका उतरलेला नसतो. रक्ताचा रिपोर्टच खरा. शेजारच्या बाळाला बिलिरुबिन 14 असताना सोडलं आणि आपल्याला 13 असताना ठेवलं, यावरून भांडू नका. किती तासांचं बाळ, किती आठवड्यांचं, आई-बाळाचे रक्तगट न जुळण्याची भानगड आहे का, यावर मर्यादा ठरते.

हिरवट, पातळ शी लाइटमुळे होते. पांढरट किंवा मातकट शी झाली तर त्याच दिवशी दाखवा; पित्त उतरत नसण्याची शंका असते आणि लाइटने ती कावीळ जात नाही.

घरी जाताना ट्रंकेतले जुने कपडे आणू नका. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असलेल्या बाळाच्या लाल पेशी फोडतं आणि कावीळ पुन्हा उसळते. ही कमतरता तपासणीशिवाय कळत नाही, म्हणून नवे किंवा साबणाने धुतलेले सुती कपडेच बरे.

लाइट बंद केल्यावर आकडा परत चढू शकतो. 12 ते 24 तासांनी तपासणी सांगितली असेल तर "उन्हात धरतो की" म्हणून चुकवू नका. कोवळ्या उन्हाला मोजमाप नाही. बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही उठत नसेल, किरट्या आवाजात रडत असेल किंवा मान-पाठ मागे ताणत असेल, तर तारखेची वाट न बघता, रात्र असली तरी, थेट दवाखाना गाठा. डिस्चार्जची फाइल सोबत घ्या, कारण तिथल्या डॉक्टरांना आधीचे आकडे आणि आई-बाळाचे रक्तगट लागतात.