लाळ स्टार्च तोडताना कशी पाहायची

शाळेत जैविक रेणू म्हटलं की चार चौकोनांचा तक्ता यायचा: कर्बोदके, प्रथिने, मेद, न्यूक्लिइक आम्ले. तक्ता पाठ व्हायचा, पण हे रेणू एकमेकांशी नेमकं काय करतात ते काही दिसायचं नाही. या प्रयोगात एक प्रथिन एका कर्बोदकाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करताना दिसतं. प्रथिन तुमच्याच तोंडातलं आहे, नाव अमायलेज.

लागेल ते: कॉर्नफ्लोअर (हाच आपला स्टार्च), जखमेवर लावतात ते आयोडीनचं द्रावण (मलम नको), व्हिनेगर, चार पेले, पांढरी बशी आणि चार ड्रॉपर. आयोडीनचे डाग पडतात. ते पोटात जाता कामा नये, आणि ॲलर्जी असेल तर हा प्रयोग करूच नका. लाळ स्वतःचीच घ्या.

१. अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवा, कपभर उकळत्या पाण्यात ओता आणि दोनेक मिनिटं ढवळत उकळा. मग कोमट होऊ द्या. इथे घाई करू नका: गरम स्टार्चला आयोडीन रंगच देत नाही, आणि गरम पाण्यात लाळेचंही काम होत नाही.

२. चूळ भरा, पाच मिनिटं थांबा. मग स्वच्छ पाण्याचा एक घोट मिनिटभर तोंडात घोळवून वाटीत काढा. त्यातलं थोडं दुसऱ्या वाटीत घेऊन ती वाटी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग गार करा.

३. आयोडीनमध्ये पाणी घालून ते फिक्या चहाच्या रंगाचं करा. बशीत त्याचे थेंब ओळीने मांडा.

४. प्रत्येक पेल्यात चार चमचे स्टार्च घ्या. पहिल्यात दोन चमचे पाणी. दुसऱ्यात एक चमचा पाणी, एक चमचा लाळ. तिसऱ्यात एक चमचा पाणी, एक चमचा उकळलेली लाळ. चौथ्यात आधी एक चमचा व्हिनेगर, मग एक चमचा लाळ. चारही पेले कोमट पाण्यात उभे ठेवा. ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम.

५. दर मिनिटाला प्रत्येक पेल्यातला एक थेंब बशीतल्या आयोडीनच्या नव्या थेंबात सोडा. आयोडीन पेल्यात ओतायचं नाही. प्रत्येक पेल्याचा ड्रॉपर वेगळा ठेवा, नाहीतर लाळेचा अंश पहिल्या पेल्यात जाऊन सगळं बिघडतं.

दुसऱ्या पेल्याचे थेंब आधी निळे-काळे, मग जांभळट, मग तांबूस होतील आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळसर रंग उरेल. बाकीचे तिन्ही निळेच राहायला हवेत.

असं का? स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्यातली अमायलोज नावाची साखळी स्प्रिंगसारखी वळते, एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. त्या वेढ्यांच्या पोकळीत आयोडीन रांगेने बसलं की निळा रंग येतो. साखळी आखूड झाली की वेढे पुरत नाहीत, रंग उतरतो. म्हणजे बदलणारा रंग साखळीची लांबीच सांगत असतो.

तोडण्यामागचा हिशेब पाण्याचा आहे. ग्लुकोजमध्ये ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. दोन ग्लुकोज जोडून माल्टोज होतो तेव्हा हायड्रोजन २४ नव्हे, २२ असतात आणि ऑक्सिजन १२ नव्हे, ११. जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. अमायलेज तोच पाण्याचा रेणू परत घालून बंध सोडवतं. प्रथिनांचे आणि न्यूक्लिइक आम्लांचे बंधही शरीरात असेच पाणी घालून तुटतात, फक्त एन्झाइम (अमायलेजसारखं काम घडवून आणणारं प्रथिन) वेगळं.

माझ्या मते खरा महत्त्वाचा पेला तिसरा. लाळेत थायोसायनेट नावाचं एक रसायनही असतं, आणि तेही आयोडीनचा रंग थोडा खातं. मग दुसऱ्या पेल्यात रंग एन्झाइममुळेच गेला हे कशावरून? उकळलेल्या लाळेत थायोसायनेट तसंच राहतं, मोडते ती प्रथिनाची घडी. तिथे निळा रंग टिकला तर काम अमायलेजचंच. चौथ्या पेल्यात आम्लामुळे प्रथिनावरचे विद्युतभार बदलतात आणि ते ठप्प होतं. जठरातही लाळेच्या अमायलेजचं असंच होतं.

दुसऱ्या पेल्याला वेळ लागला तर गडबडू नका. अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात, लाळेतलं प्रमाणही बदलतं. लाळ वाढवून पुन्हा करा.

उरलेल्या लाळेत कापसाचा बोळा टाकून पाहा. काहीच होणार नाही. कापूस म्हणजे बहुतेक सेल्युलोज. तेही निव्वळ ग्लुकोजचंच, पण त्यात दर दुसरा ग्लुकोज उलटा जोडलेला असतो आणि तो बंध अमायलेजला सोडवता येत नाही. गायीकडेही तो सोडवणारं स्वतःचं एन्झाइम नसतं. ते काम तिच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात.