बोटं पळतात, पण गाणं चालतंय का? बेस गिटारचा रियाज

मोबाइलवर बेस ऐकून शिकणाऱ्यांनी आधी एक साधी गोष्ट समजून घ्यावी. बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी वाजवली की तिचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून तो जवळजवळ बाहेरच पडत नाही. ऐकू येतो तो फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आपटणाऱ्या तारेचा खणखणाट, स्लॅपचा, म्हणजे अंगठ्याने तार ठोकण्याचा, कडाका आणि बाराव्या फ्रेटच्या पुढचं टॅपिंग, म्हणजे बोटांनी तारेवर ठोकून काढलेले सूर. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत तेच भाव खातं आणि शिकणारा तेच गिरवत बसतो. मग कोथरूडमधल्या एखाद्या सभागृहात गाण्यांच्या कार्यक्रमात साथीला उभं राहिलं की गायिका मागे वळून बघते, कारण तिला सम, म्हणजे पहिली मात्रा, सापडत नाही. म्हणून पहिला नियम: बेस हेडफोनवर किंवा बऱ्या स्पीकरवरच ऐकायचा, दुसऱ्याचाही आणि स्वतःचाही.

तंत्राशी भांडण नाही. चमकदार वाटणारी बहुतेक तंत्रं कुणाच्या तरी खऱ्या गरजेतून आली आहेत. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईच्या पियानोबरोबर वाजवायचे आणि सोबत ड्रमर नव्हता. म्हणून त्यांनी अंगठ्याने तार ठोकून किकची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, आणि बोटाने तार ओढून स्नेअरची, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची, जागा भरली. स्लॅप तिथून आला. आज तुमच्या शेजारी दणदणीत ड्रमर बसला असेल आणि तुम्ही त्याच्याच किक-स्नेअरवर सतत स्लॅप करत असाल, तर एकच काम दोघं करताय आणि खालचा सूर धरायला कोणीच उरलेलं नाही. उलट मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट वापरत आणि जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा सहसा बदलत नसत. त्यांच्या बेसलाइन मात्र अशा हलत्या, बोलक्या आहेत की चार बोटं वापरणाऱ्यांनाही त्या बसवताना घाम फुटतो.

पुण्यात याची शाळा फुकट उपलब्ध आहे. सवाईत विलंबित ख्याल चालू असताना तबल्याकडे कान द्या. हात तयार असलेला वादक आवर्तनामागून आवर्तन साधा ठेका धरून बसतो, फारतर समेच्या अलीकडे एखादी छोटी जागा भरतो. गणपतीत ढोल-ताशा ऐका. ताशा कितीही कडकडला तरी पन्नास ढोल एकाच ठोक्यावर पडतात, म्हणून पावलं चालतात. बेसवाल्याची मूळ जागा ढोलाची आहे. ताशाकडे जायचं तर ढोल कोणाच्या हातात सोपवला हे आधी ठरवावं लागतं.

सुराचा शेवट

नवशिक्या आणि जाणता यांच्यातला फरक सूर कधी सुरू होतो यापेक्षा तो कधी संपतो यात जास्त दिसतो. बहुतेकांचा सगळा रियाज तार छेडण्याचा असतो, थांबवण्याचा नसतोच.

मेट्रोनोम मिनिटाला ७२ ठोक्यांवर लावा. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर घ्या. पहिल्या मात्रेवर छेडा आणि दुसऱ्या मात्रेला, जिथे स्नेअर पडणार आहे, बरोब्बर तिथे बंद करा. तिसरीवर छेडा, चौथीवर बंद. दोन मिनिटं हेच करायचं. मग सूर अर्ध्या मात्रेतच बंद करा. मग पहिल्या मात्रेपासून चौथीपर्यंत पूर्ण ताणा. तिन्हींत छेडण्याचा जोर सारखा ठेवा, कारण सूर छोटा केला की हात आपोआप जोरात पडतो. त्याच ड्रमवर त्याच एका सुराने गाणं तीन वेगळ्या चालींनी चालायला लागतं, आणि हे कानाला कळलं की फिल, म्हणजे मधली जागा भरणारे तुकडे, मारायची घाई बरीच कमी होते.

सूर बंद करताना डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा. पूर्ण उचललं तर मोकळी तार वाजते. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर असाल तर आणखी एक अडचण येते: एकच बोट हलकं टेकलेलं राहिलं की हार्मोनिक, म्हणजे वरचा बारीक सूर, शिट्टीसारखा निघतो. तिथे शेजारची दोन बोटंही तारेवर हलकी पसरा. आणि ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर ए वाजवून पाहा. शेजारची मोकळी ए तार न छेडताच गुणगुणायला लागते, कारण दोन्हींचा सूर एकच आहे. तुम्ही ई तार बंद केली तरी ती चालूच राहते. तिच्यावर डाव्या पहिल्या बोटाचं टोक किंचित टेकलेलं असायला हवं. उलट वरच्या डी आणि जी तारांवर गेलात की उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या भागावर) न ठेवता ई-ए तारांवर सरकवून आडवा टेकवा. रेकॉर्डिंगमध्ये ‘बेस गढूळ येतोय’ म्हणतात तेव्हा दोष अनेकदा अ‍ॅम्पचा नसतो, या न थांबवलेल्या तारांचा असतो.

चार कॉर्ड, तीन वेळा

ए मायनर, एफ, सी, जी ही चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट. प्रत्येकी एक बार (चार मात्रा), वेग ८०. ही चाल असंख्य गाण्यांत सापडते, म्हणून इथेच घासा.

पहिल्या फेरीत फक्त कॉर्डचा मूळ सूर: ए (ई तार, पाचवा फ्रेट), एफ (ई तार, पहिला), सी (ए तार, तिसरा), जी (ई तार, तिसरा). प्रत्येक बार पूर्ण भरा. कंटाळा आला तरी आठ वेळा फिरवा. कंटाळा येतो तेव्हाच लय पुढे सरकते, आणि तीच पकडायची आहे.

दुसऱ्या फेरीत फक्त चौथी मात्रा मोकळी करा. ए मायनरच्या चौथ्या मात्रेवर जी, तिच्या उत्तरार्धात एफ शार्प, म्हणजे ई तारेचा तिसरा मग दुसरा फ्रेट, आणि समेवर एफ. एफवरून सीला जाताना मोकळी ए तार, मग तिचा दुसरा फ्रेट, आणि समेवर तिसरा. सीवरून जीकडे बी आणि ए असं उतरा. जीवरून परत ए मायनरकडे जाताना जी आणि जी शार्प, म्हणजे ई तारेचा तिसरा आणि चौथा फ्रेट, आणि पाचव्यावर सम. यात एकही अवघड जागा नाही. पण प्रत्येक कॉर्ड येण्याआधी ऐकणाऱ्याला त्याची चाहूल लागते. बेसचं अर्धं काम ही चाहूल देण्याचंच आहे.

तिसऱ्या फेरीत एकच चमकदार जागा घ्या, ती फक्त जीच्या बारच्या शेवटच्या दोन मात्रांत: सोळांशी नोट्स, हॅमर-ऑन, ऑक्टेव्ह, काय येत असेल ते. अट एकच, पुढच्या समेवरचा ए आधीच्या तीन बारइतकाच भरीव आणि वेळेवर पडला पाहिजे. फिल चुकतो तो बहुधा मध्ये नाही, उतरताना. शेवटच्या दोन नोट्स घाईत जातात, सम आधी येते किंवा पोकळ पडते. असं झालं की फिलमधली पहिली नोट काढून टाका. शेवटची नाही, पहिली. सुरुवातीला श्वास मिळाला की उतरणं नीट होतं. तिहाई बसवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही; तो समेपासून उलटं मोजत येतो.

गाणाऱ्यासोबत वाजवताना हा फिल कुठे टाकायचा, तेही ओळीकडे बघून ठरतं. शब्द चालू आहेत, चाल हलते आहे, तेव्हा बेस स्थिर. गाणारा लांब सुरावर थांबला किंवा श्वास घेतोय, तेव्हा बेसला चालायला जागा आहे.

मेट्रोनोमचा आधार कमी करत जा

प्रत्येक मात्रेवर टिक असलेला मेट्रोनोम चूक लपवतो, कारण तुम्ही त्याच्या मागे मागे जात राहता. ८० च्या गाण्याला तो ४० वर लावा आणि ते टिक दुसरी व चौथी मात्रा समजा. हे स्थिर झालं की बारमध्ये एकच टिक, चौथ्या मात्रेवर. मेट्रोनोम इतका खाली जात नसेल तर अ‍ॅपमध्ये चार मात्रांचा बार लावून पहिल्या तीन मात्रा मूक करा. त्यानंतर दोन बार आवाज, दोन बार शांतता. शांततेनंतर टिक तुमच्या आधी आला तर तुम्ही रेंगाळताय, नंतर आला तर धावताय. जलद तानांवर मेहनत घेणारे बहुतेक धावतात.

वेगाचा रियाज सोडू नका, फक्त त्याला हद्द घाला. ४५ मिनिटांतली १० मिनिटं पुरतात. ६० च्या लयीत मात्रेला चार नोट्स, पहिलं-दुसरं बोट आळीपाळीने, एकाच तारेवर दोन मिनिटं. सलग चार वेळा स्वच्छ आलं की लय ४ ने वाढवा. दोन बोटांचा आवाज वेगळा यायला लागला किंवा मनगटात ताण जाणवला की ८ ने खाली या. दुखत असताना पुढे रेटणं अजिबात नको. हात हलका, अ‍ॅम्प मोठा: जोर लावून छेडलेली तार फ्रेटवर आपटते, आवाज मोठा होत नाही, फक्त कर्कश होतो. आणि गाणं ११० चं असेल तर त्यातली तान घरी १३० ला सहज आली पाहिजे, तरच ती मंचावर न्या.

सोलो आधी गळ्यातून

बोटांना श्वास लागत नाही, म्हणून बेसवाल्याचा सोलो थांबतच नाही. उपाय जुना आहे आणि आपल्याकडचाच आहे, गायकी अंग. सोळा बारचा ट्रॅक लावा, बेस बाजूला ठेवा आणि सोलो गुणगुणा. सूर कच्चा असला तरी चालेल. तो रेकॉर्ड करा आणि मग तेवढंच बेसवर काढा. जे गाता आलं नाही ते पहिल्या महिन्यात वाजवायचंही नाही.

बढतीचा एक ढोबळ आराखडा: पहिल्या चार बारमध्ये तीन-चार सुरांची एकच आकृती, खालच्या सप्तकात. पुढच्या चारमध्ये तीच आकृती, शेवट बदलून, आणि एक अख्खा बार रिकामा. त्यानंतर चार बार वर चढा. मग दोन बार जो काय वेग दाखवायचा तो, आणि शेवटच्या दोन बारमध्ये मूळ बेसलाइनवर परत, म्हणजे ड्रमर आणि कीबोर्डवाल्याला कुठे यायचं ते कळतं. अमेरिकन गायक डॉनी हॅथवे यांच्या १९७२ च्या थेट कार्यक्रमाच्या अल्बममध्ये बेसवादक विली वीक्स यांचा सोलो हाच धडा देतो. सुरुवात शांत आहे, आणि श्रोत्यांचा आवाज त्या वादनासोबत चढत जातो. पहिल्याच बारमध्ये सगळ्यात वेगवान तान वाजवली की पुढच्या पंधरा बारना जायला जागा उरत नाही.

हार्मोनिक्स, टॅपिंग, कॉर्ड यांनाही हीच कसोटी. बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये एक अख्खी रचना हार्मोनिक्सवर उभी आहे. तिथे ते सूर सजावट नाहीत, चालच त्यांची आहे. तुमच्या टॅपिंगमधून चाल गुणगुणता येत असेल तर ठेवा. फक्त बोटांचा आकृतिबंध आठवत असेल तर तो रियाजाच्या खोलीतच राहू द्या.

वाद्य आणि खोली

वेगासाठी अनेक जण तारा फार खाली आणतात. मग मऊ आणि जोरकस यातला फरकच मरतो, सगळंच खडखडतं. बाराव्या फ्रेटवर ई तार साधारण २.४ मिलिमीटर आणि जी तार २ मिलिमीटर उंच, ही सुरुवात ठेवा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरल्यावर सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी, जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी. पुण्यात मेच्या कोरड्या उन्हातून जुलैच्या ओल्या हवेत येताना नेक हलते, म्हणून पावसाळा लागल्यावर आणि संपल्यावर ही फट मोजा. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. तार सुरात लावून एक दिवस थांबा, मग पुन्हा मोजा.

घरी एकट्याने वाजवताना मधल्या फ्रिक्वेन्सी कापलेला आवाज भारी वाटतो. बँडमध्ये तो नाहीसा होतो, मग वादक आवाज वाढवतो आणि जास्त वाजवायला लागतो. मिड सपाट ठेवा, लागलंच तर ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडा चढवा. जॅमरूम लहान असेल तर बेसचं बटण खाली करा, अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर ओढा आणि त्याच्यापासून दोन-तीन पावलं लांब उभे राहा, नाहीतर इतरांना कानठळ्या बसतात आणि तुम्हालाच बेस ऐकू येत नाही.

आठवड्यातून एकदा एकच गाणं दोनदा रेकॉर्ड करा: एकदा मनासारखं, एकदा निम्म्या नोट्समध्ये. लगेच ऐकू नका, हात अजून गरम असतो आणि स्वतःचीच बाजू घेतो. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून, बेसकडे नाही, गाणाऱ्याच्या शब्दांकडे लक्ष देऊन ऐका. जिथे लक्ष शब्दांवरून तुमच्या बोटांकडे गेलं ती वेळ वहीत लिहा, समजा १ मिनिट १२ सेकंद, आणि पुढच्या वेळी तेवढी जागा मोकळी ठेवून तिसऱ्यांदा रेकॉर्ड करा.