जुन्या डॉस कॉम्प्युटरला बाहेरचा मिडी सिंथ जोडताना

डॉस (विंडोजआधीची प्रणाली) वरच्या जुन्या गेमचं संगीत बाहेरच्या सिंथवर, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या यंत्रावर, वाजवायचं तर मिडी ही वाद्यांसाठीची जोडणी लागते. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. कुठला सूर, किती जोरात, कुठल्या वाद्यावर, एवढेच आदेश सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जातात, आणि आवाज तयार होतो तो पलीकडच्या यंत्रात. म्हणून इथे दोन वेगळ्या वाटा आहेत: आदेशांची आणि आवाजाची. पहिली पूर्ण चालू झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. दोन्ही एकदम जोडल्या की बिघाड कुठल्या बाजूला आहे हेच कळत नाही.

पलीकडे कुठलं यंत्र हवं, ते गेमच्या वयावर ठरतं. साधारण १९८८ ते १९९२ मधले बरेच गेम रोलँड या जपानी कंपनीच्या एमटी-३२ साठी लिहिलेले आहेत. हे यंत्र १९८७ चं. १९९१ मध्ये सगळ्या यंत्रांसाठी वाद्यांचे क्रमांक ठरवणारं जनरल मिडी (जीएम) हे मानक आलं, त्याच वर्षी रोलँडचं एससी-५५ आलं, आणि पुढचे गेम त्या पद्धतीवर गेले. दोघांचे वाद्यांचे क्रमांक जुळत नाहीत. एमटी-३२ चं संगीत जनरल मिडी यंत्रावर सोडलं तर भलतीच वाद्यं वाजतात. तो बिघाड नाही, निवड चुकलेली असते.

ही यंत्रं आपल्याकडे सहज हाताला लागत नाहीत. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या बँडवाल्यांकडे जुने कीबोर्ड भरपूर आहेत, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. कीबोर्डच्या मागे ‘मिडी इन’ लिहिलेलं गोल पाच पिनचं सॉकेट हवं आणि अंगावर ‘जीएम’ची खूण हवी. नव्या कीबोर्डला पुष्कळदा फक्त यूएसबी असतं. ते डॉस मशीनच्या मिडी केबलला थेट जोडता येत नाही, त्यामुळे विकत घेण्याआधी मागची बाजू बघाच. वाजवणाऱ्याने ट्रान्सपोज (सूर वर-खाली सरकवण्याची सोय) बदलून ठेवला असेल तर तो शून्यावर आणा.

आता केबल. साउंड कार्डचं जॉयस्टिकचं पंधरा पिनचं, दोन ओळींचं पोर्ट हेच मिडीचं पोर्ट असतं. मॉनिटरचं पोर्टही पंधरा पिनचं, पण तीन ओळींचं. दुकानात कनेक्टर मागताना दोन ओळींचा, नर, असं स्पष्ट सांगा. त्याशिवाय पाच पिनचा गोल नर डिन प्लग, २२० ओमचे दोन रेझिस्टर (पट्टे लाल, लाल, तपकिरी) आणि दीड-दोन मीटर शिल्डची वायर लागते. फक्त बाहेर आदेश पाठवायचे असतील तर तीनच जोडण्या आहेत. पंधरा पिनच्या कनेक्टरची पिन १ म्हणजे पाच व्होल्ट; ती २२० ओममधून डिनच्या पिन ४ ला. पिन १२ म्हणजे मिडी आउट. ती दुसऱ्या २२० ओममधून डिनच्या पिन ५ ला. पिन ४ म्हणजे ग्राउंड. ती शिल्डसह डिनच्या पिन २ ला. एखाद्या कार्डाचा सिग्नल अशक्त निघाला तर पिन १२ आणि रेझिस्टरच्या मध्ये ७४एचसी१४ या चिपचे दोन गेट एकामागे एक घाला.

डिन प्लगवर आकडे क्रमाने नसतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ओळीने ते १, ४, २, ५, ३ असे येतात. मधली पिन २, तिच्या दोन बाजूंना ४ आणि ५. टोकाच्या १ आणि ३ रिकाम्या. डाग देण्याआधी प्लग उजेडात तिरका धरला की पिनांजवळ कोरलेले बारीक आकडे दिसतात, ते वाचून घ्या. ४ आणि ५ उलटे लागले तर यंत्र मुकं राहतं, पण नीट बनवलेल्या यंत्रात सहसा जळत नाही, कारण आत ऑप्टोकपलरला (प्रकाशातून सिग्नल पोचवणारा भाग) उलट्या प्रवाहापासून वाचवणारा डायोड असतो. डाग देऊन झाले की मल्टिमीटर लावा: डिनच्या ४ आणि २ मध्ये कॉम्प्युटर चालू असताना पाच व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे.

आणखी एक सापळा. काही मशीनमध्ये हार्डडिस्कच्या जोड-कार्डावरही जॉयस्टिकचं पोर्ट असतं. तिथे पिन १२ नुसती ग्राउंड असते. केबल त्यात खोचली तर कितीही सेटिंग बदला, आवाज येणार नाही. केबल साउंड कार्डातच हवी.

कार्डावर मिडीचा पत्ता, म्हणजे कॉम्प्युटर मिडीला ज्या क्रमांकावर गाठतो तो, ३३० ठेवा. जुन्या साउंड ब्लास्टर १६ या साउंड कार्डावर ३०० की ३३० हे जंपरने (पिनांवर बसवायची छोटी टोपी) ठरतं. प्लग अँड प्ले कार्डांना डॉसमध्ये सुरुवातीला एक छोटा प्रोग्राम चालवून जागं करावं लागतं, नाहीतर तो पत्ता अस्तित्वातच येत नाही. डॉस सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधल्या ‘ब्लास्टर’च्या ओळीत पी३३० असल्याची खात्री करा. विंडोज ९८ असेल तर पहिली चाचणी तिथे सोपी: कंट्रोल पॅनेलमध्ये मल्टिमीडिया, मिडीचा टॅब, ३३० वालं आउटपुट निवडा आणि कुठलीही मिडी फाइल वाजवा. कीबोर्डला हेडफोन लावून ऐका. वाजलं की केबल बरोबर. मग डॉसमध्ये गेमच्या सेटअपमध्ये जाऊन संगीतासाठी ‘जनरल मिडी’ किंवा ‘एमटी-३२’ निवडा आणि आवाजाच्या परिणामांसाठी साउंड ब्लास्टर तसंच ठेवा.

विंडोजमध्ये वाजतं पण जुना गेम गप्प राहतो किंवा सुरूच होत नाही, हे वारंवार दिसतं. रोलँडच्या मूळ एमपीयू-४०१ या मिडी जोडणीच्या यंत्रात स्वतःचा प्रोसेसर होता आणि तो वेळ सांभाळायचा. त्याला इंटेलिजंट मोड म्हणतात. साउंड ब्लास्टरमध्ये फक्त आदेश तसेच पुढे ढकलणारा साधा यूएआर्ट मोड आहे. सुरुवातीचे कित्येक गेम इंटेलिजंट मोडच मागतात. त्यासाठी सॉफ्टएमपीयू हा छोटा, मेमरीत बसणारा प्रोग्राम आहे. त्याला साउंड ब्लास्टरचा पत्ता, आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं तो क्रमांक) आणि मिडीचा पत्ता द्यावा लागतो, आणि आधी ईएमएम३८६ हा डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्राम लोड असावं लागतं. एमटी-३२ च्या हेडफोनचं सॉकेट नसलेल्या जुन्या आवृत्तीत आणखी एक अडचण आहे: वेगवान मशीनवरून येणारे लांब आदेश तिला पचत नाहीत आणि तिच्या छोट्या पडद्यावर ‘बफर ओव्हरफ्लो’ उमटतं. सॉफ्टएमपीयूमध्ये त्या आदेशांना विलंब देणारा पर्याय आहे, तो लावा.

एखादा सूर अडकून तसाच वाजत राहिला, तर केबलला दोष देऊ नका. साउंड ब्लास्टर १६ च्या ४.११ ते ४.१३ या डीएसपी (कार्डावरची आवाज हाताळणारी चिप) आवृत्त्यांमध्ये हा दोष प्रसिद्ध आहे. डिजिटल आवाज आणि मिडी एकदम चालले की एखादा बाइट गळतो आणि ‘सूर बंद’ हा आदेश पोचतच नाही. तात्पुरता उपाय म्हणजे यंत्र बंद-चालू करणं. खरा उपाय म्हणजे कार्ड बदलणं; यामाहाच्या वायएमएफ७१९ चिपचं कार्ड या बाबतीत भरवशाचं आहे.

आता आवाजाची वाट. एससी-५५ ला मागे ऑडिओ इन आहे, त्यात साउंड कार्डचा लाइन आउट घालून एकाच स्पीकरवर दोन्ही ऐकता येतं. एमटी-३२ ला ती सोय नाही. छोटा मिक्सर घ्या किंवा सिंथचा आवाज कार्डाच्या लाइन इनमध्ये द्या. इथे गुणगुण सुरू झाली तर ती मिडीच्या वायरीतून येत नाही, तिथे ऑप्टोकपलरने दोन्ही यंत्रं वेगळी ठेवलेली असतात. ती ऑडिओ केबलच्या ग्राउंडमधून येते. खान्देशातल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल जाते आणि अर्थिंग ढिलं पडतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये गुणगुण वाढते. कॉम्प्युटर, सिंथ आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, आणि तरी राहिली तर कारच्या साउंड सिस्टिमच्या दुकानात मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर ऑडिओ केबलमध्ये घाला. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढू नका.

रोलँडच्या या दोन्ही यंत्रांना नऊ व्होल्ट डीसी लागतं आणि प्लगच्या मधल्या टोकाला ऋण असतं, बहुतेक अडॅप्टरच्या अगदी उलट. खोचण्याआधी मल्टिमीटरने तपासा. जपानहून आलेल्या यंत्राबरोबरचा अडॅप्टर शंभर व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर तो लगेच जळेल. पारा ४४-४५ वर जातो तेव्हा दुपारी पत्र्याखालच्या खोलीत तासन्तास चालवू नका, आतले कपॅसिटर आधीच तीस वर्षांचे झालेले आहेत.

जुनं यंत्र मिळतच नसेल तर रास्पबेरी पाय ३ किंवा ४ या छोट्या कॉम्प्युटरवर एमटी३२-पाय हा प्रोग्राम चालवता येतो. एमटी-३२ च्या आवाजासाठी मूळ यंत्राच्या चिपमधल्या रॉम फाइल लागतात. पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात, पाच व्होल्ट थेट दिले तर बोर्ड जातं. मध्ये एच११एल१ ऑप्टोकपलर घाला, तो ३.३ वर चालतो, आणि त्याचं आउटपुट पायच्या दहाव्या पिनला. स्वस्त यूएसबी-मिडी केबल टाळा. त्यातल्या पुष्कळ लांब आदेश अर्धवट टाकतात, आणि एमटी-३२ चे गेम आपले खास आवाज त्याच लांब आदेशांतून पाठवतात.